कॅम्परव्हॅनची बॅटरी पहाटे का उतरते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या एका कुटुंबाने जुनी फोर्स ट्रॅव्हलर घेऊन तिची राहण्याजोगी गाडी केली आहे. मागे १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असते तशी शिशाची, बॅटरी, ८५० व्हीएचा घरगुती इन्व्हर्टर आणि टपावर १६० वॅटचं एक पॅनल आहे. गाडी चालू असताना अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरून वीज बनवणारं जनित्र) एका रिलेमार्फत (विजेने उघड-बंद होणारा स्विच), ४ एमएमच्या, म्हणजे ४ चौरस मिलिमीटर जाडीच्या, वायरने, मागची बॅटरी चार्ज होते. सामान म्हणजे ५० लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, दोन पंखे, चार दिवे, पाण्याचा पंप, चार फोन, एक लॅपटॉप. मांडूला मुक्काम केला की पहाटे तीन-चारला इन्व्हर्टर ओरडतो आणि फ्रिज बंद पडतो. बॅटरी जेमतेम आठ महिन्यांची आहे. विचारलं आहे की दुसरी १५० एएच शेजारी जोडावी का, की लिथियम घ्यावी. इंडक्शन चालेल का. आणि धर्मशाळेच्या किंवा हॉटेलच्या प्लगवर गाडी लावणं कितपत सुरक्षित.

दुसरी बॅटरी आत्ता घेऊ नका. गच्चीवर दुसरी टाकी बसवली म्हणून नळाला नर्मदेचं पाणी जास्त येत नाही. तुमच्या गाडीत दिवसाला जेवढी वीज खर्च होते तेवढी आत येतच नाही, आणि जी यायला हवी त्यातली बरीच बारीक वायरीमुळे बॅटरीपर्यंत पोचत नाही. आणखी एक बॅटरी जोडली तर पहिली रात्र निघेल, दुसऱ्या रात्रीपासून दोन्ही अर्धवट भरलेल्या राहतील. शिशाची बॅटरी सतत अर्धवट राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि वर्षा-दीड वर्षात तिची क्षमता निम्म्यावर येते. म्हणजे पैसे जाऊन दोन आजारी बॅटऱ्या हातात उरतात.

खर्च किती, आवक किती

हिशेब अँपिअरमध्ये करू नका, वॅट-तासांत करा. तुमचा फ्रिज चालू असताना साधारण ५० वॅट घेतो, पण सतत चालत नाही. मे महिन्यात इंदूरच्या उन्हात तो दिवसाच्या ४५ टक्के वेळ तरी चालतो असं धरा: २४ तासांत ५४० वॅट-तास. वीस वॅटचे दोन पंखे नऊ तास: ३६०. पाच वॅटचे चार दिवे पाच तास: १००. पंप एकूण वीस मिनिटं: २०. चार फोन: ६०. लॅपटॉप तीन तास: १८०. सगळं मिळून १२६०.

यात एक गिऱ्हाईक राहून गेलं, ते म्हणजे खुद्द इन्व्हर्टर. घरगुती इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्यावर काहीही लावलं नाही, तरी तो १५ ते २० वॅट खातो. १८ धरले तर चोवीस तासांत ४३० वॅट-तास होतात, फ्रिजच्या जवळपास. आणि तो दिवस-रात्र चालू असतो कशासाठी, तर लॅपटॉप आणि फोनच्या चार्जरसाठी. म्हणजे १२ व्होल्टचे २३० करायचे आणि चार्जरने पुन्हा २० किंवा ५ करायचे. लॅपटॉपला गाडीतला टाइप-सी चार्जर घ्या, ६५ वॅटचा सहज मिळतो, फोनला यूएसबी सॉकेट बसवा, आणि इन्व्हर्टरला हाताशी येईल असं बटण द्या. मिक्सर लावायचा तेव्हा पाच मिनिटं चालू, मग बंद. या एका बदलाने दिवसाचा खर्च १७०० वरून १२६० वर येतो.

आता आवक. १६० वॅटचं पॅनल टपावर आडवं असतं, त्यावर धूळ असते आणि उन्हात ते ६५ अंशांपर्यंत तापतं. पॅनलवर छापलेले वॅट २५ अंशांचे असतात. त्यावरच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्का घट होते, म्हणजे चाळीस अंश वर गेलं की १४ ते १६ टक्के नुसत्या उष्णतेने जातात. सगळी घट धरून छापील आकड्याच्या ७० टक्के मिळाले तर समाधान माना. मे महिन्यात इंदूर-मांडू भागात पूर्ण उन्हाचे सहा तास धरता येतात, डिसेंबरात चारच्या आसपास, आणि श्रावणातल्या भरून आलेल्या दिवशी एक-दीड. म्हणजे तुमच्या पॅनलचे मे महिन्यात ६७० वॅट-तास, तेही गाडी उन्हात उभी असेल तर. आणि मे महिन्यात गाडी सगळे झाडाखालीच लावतात.

इंदूर ते मांडू शंभरेक किलोमीटर, अडीच तास. त्या वेळात रिलेवाल्या जोडणीतून मागच्या बॅटरीत फार तर ३०० वॅट-तास जात असतील. का, ते पुढे सांगतो. म्हणजे प्रवासाच्या दिवशी आवक हजाराच्या आत, मुक्कामाच्या दिवशी साडेतीनशे ते पावणेसातशे, आणि खर्च १७००.

रात्रीपुरतं पाहिलं तरी पहाटेची वेळ बरोबर जुळते. १५० एएच गुणिले १२ म्हणजे १८०० वॅट-तास. त्यातले निम्मेच वापरायचे, कारण रोज त्याखाली नेलं तर शिशाची बॅटरी लवकर मरते: उरले ९००. सूर्यास्तापासून उजाडेपर्यंत फ्रिज २४०, पंखे ३६०, दिवे १००, लॅपटॉप-फोन १२०, इन्व्हर्टर स्वतः २१६, असे हजारावर जातात. संध्याकाळी बॅटरी पूर्ण भरलेली असती तरी सकाळपर्यंत कसंबसं निघालं असतं. ती भरलेली नसतेच.

खरा चोर: १२ व्होल्ट आणि बारीक वायर

कॅम्परव्हॅनच्या विजेत बाकी सगळं एका गोष्टीवरून ठरतं. व्होल्ट कमी म्हणून करंट मोठा. घरात ५०० वॅटच्या मिक्सरला सव्वादोन अँपिअर लागतात. १२ व्होल्टच्या बॅटरीतून तेच ५०० वॅट काढायला, इन्व्हर्टरची घट धरून, ४५ ते ५० अँपिअर लागतात. वायरीतली घट करंटच्या प्रमाणात वाढते. घरी २३० मधून एक व्होल्ट गेला तर कळतही नाही. इथे १२ मधून एक गेला की फ्रिज बंद पडतो.

हिशेब सोपा आहे. तांब्याच्या वायरीचा रोध (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये) = ०.०१७५ × लांबी (मीटर) ÷ जाडी (स्क्वेअर एमएम). लांबी जाऊन-येऊन धरायची. फ्रिज बॅटरीपासून सहा मीटरवर असेल तर बारा मीटर. घरगुती १.५ एमएमची वायर टाकली असेल तर ०.१४ ओहम, पाच अँपिअरला ०.७ व्होल्टची घट. बॅटरीवर १२.१ आहेत, म्हणजे ती अजून निम्मी तरी भरलेली आहे, पण फ्रिजला ११.४ दिसतात. त्यात प्लग जर सिगारेट-लायटरच्या सॉकेटातला असेल तर त्याच्या ढिल्या स्प्रिंगमध्ये आणखी दोन-तीन दशांश जातात. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढतो, व्होल्ट आणखी पडतात, आणि फ्रिजचं कमी-व्होल्टचं संरक्षण त्याला बंद करतं. मग बॅटरी उतरली असं वाटतं. ६ एमएमची वायर टाकली तर हीच घट ०.१८ व्होल्टवर येते. सिगारेट-सॉकेट काढून अँडरसन कनेक्टर (घट्ट बसणारा जाड जोड) लावा. फ्रिजवर संरक्षणाची पातळी उच्च, मध्यम, कमी अशी निवडता येत असेल तर मागच्या वेगळ्या बॅटरीसाठी ती मध्यम ठेवा. उच्च पातळी इंजिनच्या बॅटरीवर फ्रिज चालवणाऱ्यांसाठी असते.

हेच अल्टरनेटरच्या वायरीचं. समोर, इंजिनाजवळच्या बॅटरीवर, १४.२ व्होल्ट येतात. ४ एमएमची सहा मीटर वायर, परतीचा मार्ग चॅसीतून, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून: नुसत्या वायरीचा रोध ०.०२६ ओहम. रिलेचे पॉइंट, फ्यूजहोल्डर आणि चार-सहा जोड मिळून जवळपास तेवढाच आणखी. २० अँपिअर वाहिले की एक व्होल्ट गेला. मागच्या बॅटरीला १३.२ च्या आसपास मिळतात, आणि शिशाच्या बॅटरीला नीट भरायला १४.४ लागतात. म्हणून ती आपणच करंट कमी घेते आणि अडीच तासांत थोडीशीच भरते. शिवाय अनेक बीएस-६ गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचा व्होल्ट गाडीचा संगणक खाली-वर करतो. तिथे साध्या रिलेवर मागची बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही.

याला उपाय डीसी-टू-डीसी चार्जर. तो समोरून जे व्होल्ट येतील ते घेऊन मागच्या बॅटरीला हवे तेवढे बनवून देतो आणि इंजिन बंद झालं की संबंध तोडतो, त्यामुळे समोरची बॅटरी रात्री रिकामी होत नाही. १५० एएच ट्यूब्युलरला २० अँपिअरचा घ्या. तिला क्षमतेच्या दहा टक्के करंट मानवतो, पंधरा टक्क्यांच्या फार वर जाऊ नये. पुढे लिथियमचा विचार असेल तर ३० अँपिअरचा घ्या आणि तूर्त त्याचा करंट कमी ठेवता येतो का ते खरेदीआधी पाहा. ३० अँपिअर बाहेर द्यायला तो आत ३५ ते ४० घेतो, तेव्हा समोरून मागे १६ एमएमची दुहेरी वायर टाका. अल्टरनेटरच्या पट्टीवर लिहिलेले अँपिअर पाहा. त्याच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त या चार्जरला देऊ नका. गाडी उभी करून, इंजिन नुसतं फिरवत बॅटरी भरायची सवय लावू नका. कमी फेऱ्यांवर अल्टरनेटर देतोही कमी आणि वारा नसल्याने तापतोही जास्त.

खरेदीआधी चार मापं घ्या

डीसी मोजणारा मल्टिमीटर आणि डीसी क्लॅम्प मीटर लागेल. स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट दाखवतात, विकत घेताना खात्री करा.

बॅटरीवर काहीही न चालवता तीन-चार तास राहू द्या आणि व्होल्ट पाहा. १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ म्हणजे जवळपास रिकामी. ट्यूब्युलरच्या प्रत्येक कप्प्याची हायड्रोमीटरने घनता घ्या: भरलेल्या बॅटरीत १.२४० च्या आसपास. पाच कप्पे १.२३० आणि एक १.१८० असेल तर तो कप्पा गेला आहे. मग कितीही चार्ज करा, उपयोग नाही, वॉरंटीत द्या. दुसरं माप इंजिन चालू ठेवून: समोरच्या बॅटरीवर आणि मागच्या बॅटरीवर व्होल्ट घ्या. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक म्हणजे वायर दोषी. तिसरं, फ्रिज चालू असताना बॅटरीवर आणि फ्रिजच्या प्लगमध्ये. चौथं माप लोक सोडतात: सगळं बंद करून बॅटरीच्या निगेटिव्ह वायरीला क्लॅम्प लावा. अर्ध्या अँपिअरच्या वर काही दिसलं तर शोधा कोण खातंय. बहुतेक वेळा इन्व्हर्टर, म्युझिक सिस्टिम किंवा चालूच राहिलेला कॅमेरा निघतो.

वायर आणि फ्यूज

फ्यूज वायरीसाठी असतो, यंत्रासाठी नाही. म्हणून त्याचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरवायचा आणि त्याची जागा बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात. पुढे लावला तर बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर उघडीच राहिली. दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या वायरीला दोन्ही टोकांना फ्यूज हवा, कारण वीज दोन्हीकडून येऊ शकते. ही चूक तयार गाड्यांतही दिसते. सावध आकडे असे: १.५ एमएमला १० अँपिअर, २.५ ला १५, ४ ला २५, ६ ला ४०, १६ ला ८०, ३५ ला १५०, ५० ला २००.

घरातला एसी एमसीबी १२ व्होल्टच्या मोठ्या लाइनवर लावू नका. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे पॉइंट उघडताना पडणारी ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येत नाही, ठिणगी जळत राहते आणि पॉइंट वितळून चिकटतात. सोलरच्या कामाचे डीसी एमसीबी मिळतात, त्यांवर अधिक-उणे खूण असते, ती पाळा. बारीक फाट्यांना ब्लेड फ्यूजची पेटी पुरेशी.

इंदूरच्या महाराणी रोडवरच्या बाजारात बहुतेक सगळं मिळतं, पण जाड केबल घेताना एक टोक कापून चाकूने तार खरवडा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियम आहे. तेवढाच करंट न्यायला तिला दीडपटीहून जाड लागते आणि जोडाशी ती सैल पडते. इन्व्हर्टरला बारीक तारांची, निव्वळ तांब्याची वेल्डिंग केबल चांगली, ती वळते आणि हादऱ्यांनी तुटत नाही. लग (केबलच्या टोकाला बसवायचा धातूचा कान) हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या, हातोडीने ठोकून नाही, आणि वर हीटश्रिंक नळी चढवा. पत्र्यातून वायर जाते तिथे प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट हवाच. मानपूरचा घाट उतरताना गाडी जी थरथरते, तिने उघड्या पत्र्याची कड महिन्या-दोन महिन्यांत वायरीचं कव्हर कापते, आणि व्हॅनला आग लागण्याचं हे नेहमीचं कारण आहे. नटांना स्प्रिंग वॉशर घाला, पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे पुन्हा आवळा.

सगळ्या निगेटिव्ह वायरी एका बसबारवर (वायरी जोडायची धातूची पट्टी) आणा आणि तो बसबार चॅसीला एकाच जागी जोडा. प्रत्येक दिव्याचा निगेटिव्ह जवळच्या स्क्रूला बांधायची पद्धत ऑटो इलेक्ट्रिशियनकडे सर्रास असते. गंज चढला की दिवे मिणमिणतात आणि दोष सापडता सापडत नाही.

सोलर वाढवा, मग बॅटरी बदला

टपावर दोनशे वॅटची दोन पॅनलं बसवली तर मे महिन्यात दिवसाला १६०० ते १७००, डिसेंबरात ११०० वॅट-तास येतात. १२६० च्या खर्चाला हे उत्तम. पावसाळ्यात तीन-चारशेच मिळतील, तेव्हा भार अल्टरनेटरवर आणि प्लगवर. पॅनल आणि टप यांच्यामध्ये चार-पाच सेंटिमीटर फट ठेवा, खालून वारा गेला की पॅनल कमी तापतं.

पॅनल आणि बॅटरी यांच्यामधला चार्ज कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचा घ्या, तो पॅनलचे जास्तीचे व्होल्ट वाया न घालवता बॅटरीला हवे तसे बदलतो. घराच्या छपरावरची मोठी पॅनलं ४० ते ५० व्होल्टची असतात. ती साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरवर (व्होल्ट न बदलता नुसती चालू-बंद करणारा) १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडली तर निम्म्याहून जास्त वीज वाया जाते. एमपीपीटीवर कमाल व्होल्ट छापलेले असतात. पॅनलच्या मागे लिहिलेला ओपन-सर्किट व्होल्ट घ्या, सिरीजमध्ये जोडलेल्या पॅनलांची बेरीज करा, थंडीतल्या वाढीसाठी दहा-पंधरा टक्के मिळवा, आणि तो आकडा कंट्रोलरच्या मर्यादेखाली हवा. मर्यादा ओलांडली की कंट्रोलर थंडीतल्या एखाद्या स्वच्छ सकाळी जळतो. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल, मग बॅटरी. शिशाच्या बॅटरीवर कंट्रोलरचा तापमान-सेन्सर बॅटरीला चिकटवा. चाळीस अंशांत तिला १४.४ ऐवजी १४ च्या आसपासच हवेत, नाहीतर पाणी उडत राहतं.

ट्यूब्युलर बॅटरी घरात उत्तम, पण झोपायच्या गाडीत नाही. भरत आली की ती हायड्रोजन सोडते, चढ-उतारावर तिचं आम्ल झाकणातून झिरपतं, आणि पाण्यासकट वजन पन्नास-साठ किलो. ती बदलेपर्यंत बंद पेटीत, खाली आणि वर बाहेरच्या हवेला नळी देऊन ठेवा. पेटीत फ्यूज, रिले किंवा स्विच अजिबात नको, त्यांची ठिणगी हायड्रोजनला पुरे.

लिथियममध्ये गाडीसाठी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकार घ्यायचा. चार सेल सिरीजमध्ये, १२.८ व्होल्ट. १०० एएच म्हणजे १२८० वॅट-तास, त्यातले ८० ते ९० टक्के निर्धास्त वापरता येतात, वजन बारा किलोच्या आसपास. म्हणजे १०० एएच लिथियम तुमच्या १५० एएच ट्यूब्युलरपेक्षा जास्त वीज देते. २०० एएच घेतली तर २००० च्या वर वापरण्याजोगे वॅट-तास, दीड दिवस ढगाळ गेला तरी निभावेल. मात्र तिच्यासाठी सगळे चार्जर बदलायचे किंवा सेटिंग तपासायचं: १४.२ ते १४.४ पर्यंत भरणं, फ्लोट (भरल्यावर टिकवायचे व्होल्ट) १३.५, इक्वलायझेशन (शिशाच्या बॅटरीला मधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टने भरणं) कायमचं बंद. तुमचा घरगुती इन्व्हर्टर ट्यूब्युलरच्या सेटिंगवर तिला भरायला लागला तर बीएमएस (लिथियम बॅटरीच्या आतलं रक्षक सर्किट) तिला वारंवार तोडेल. साध्या रिलेवर तर तिला अल्टरनेटरला अजिबात जोडू नका: ती मिळेल तेवढा करंट ओढून अल्टरनेटर तापवते, आणि बीएमएसने मध्येच संबंध तोडला तर व्होल्टची जी उसळी येते तिने अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात. शून्य अंशाखाली तिला चार्ज करायचं नाही. माळव्यात हा प्रश्न येत नाही, स्पिती-लडाखला निघालात तर येईल. इथे काळजी उष्णतेची. इंजिनजवळ किंवा टपाखालच्या कपाटात नाही, खाली आणि मागे ठेवा. ई-रिक्षासाठी स्थानिक जोडलेले पॅक स्वस्त मिळतात. त्यांत जुने सेल असण्याची शक्यता असते, आणि घरच्यांच्या बिछान्याखाली ते नकोत.

लिथियमचे व्होल्ट पाहून ती किती भरली हे कळत नाही, नव्वद टक्क्यांना आणि चाळीस टक्क्यांना फरक दोन दशांशांचा. शंट (येणारा-जाणारा करंट मोजायची पट्टी) असलेला बॅटरी मॉनिटर लावा. शंट निगेटिव्हवर बसतो आणि बॅटरीच्या निगेटिव्हला त्याच्याशिवाय दुसरी एकही वायर जाता कामा नये, नाहीतर तो मोजतो ते अपुरं.

इंडक्शन

२००० वॅटचं इंडक्शन १२ व्होल्टवर जवळपास १९० अँपिअर ओढतं. त्याला २५०० वॅटचा शुद्ध साइन-वेव्ह इन्व्हर्टर, मीटर-दीड मीटरपेक्षा लांब नसलेली ७० एमएमची केबल, २५० अँपिअरचा फ्यूज आणि २०० अँपिअर सहज देणारी बीएमएस लागते. तुमचा ८५० व्हीए म्हणजे साधारण ६८० वॅट. त्यावर ५०० वॅटचा मिक्सरच सुरुवातीच्या झटक्याला धापा टाकतो. बटण ४०० वॅटवर ठेवलं की भागेल असंही नाही. आपल्याकडची बरीच इंडक्शनं कमी पातळीवर हजार-बाराशे वॅट काही सेकंद चालू, काही सेकंद बंद अशीच चालतात, इन्व्हर्टरला पूर्ण झटका बसतोच. सकाळच्या पोह्यांना अडीचशे वॅट-तास गेले तर हरकत नाही, पण डाळ-भात-पोळ्या दोन वेळा म्हटलं की दीड हजार. माझं मत स्पष्ट आहे: स्वयंपाक गॅसवर, इंडक्शन फक्त प्लग मिळेल तिथे. एअर कंडिशनरचा विषय तर याहून लवकर संपतो: रात्रभर एक टनाच्या इन्व्हर्टर एसीला चार-पाच हजार वॅट-तास लागतात. ते हवंच असेल तर सगळी रचना २४ किंवा ४८ व्होल्टवर नव्याने करावी लागेल.

२३० व्होल्ट: इथे जीव जातो

परदेशी व्हॅनचे आराखडे पाहून वायरिंग करू नका. अमेरिकेतल्या गाड्यांत १२० व्होल्ट आणि ३० किंवा ५० अँपिअरचे प्लग असतात. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, आणि मिळणार ६ किंवा १६ अँपिअरचा सॉकेट. त्यातही अर्थिंग असेलच याची खात्री नाही, फेज-न्यूट्रल उलटे असू शकतात, आणि व्होल्ट संध्याकाळी १८० तर मध्यरात्री २५० असू शकतात.

गाडीचा पत्रा हा मोठा उघडा धातू आहे आणि टायर रबराचे आहेत. आत कुठेही फेज पत्र्याला टेकला आणि अर्थ नसेल, तर गाडी पेटत नाही, फ्यूज उडत नाही, काहीच दिसत नाही. ओल्या जमिनीवर उभं राहून दाराला हात लावणाऱ्याला मात्र झटका बसतो. म्हणून प्लग लावण्याआधी सॉकेटात मल्टिमीटरने तीन मापं: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ पाचाच्या आत. फेज-अर्थ शंभर-दीडशे असं काहीतरी अधांतरी दाखवत असेल तर तिथे अर्थ नाही, गाडी जोडू नका. रात्री बॅटरीवर काढा.

गाडीवर १६ अँपिअरचा निळा इंडस्ट्रियल इनलेट बसवा, पिना गाडीच्या बाजूला. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर कधीही करू नका. केबल तीन कोरची, २.५ एमएमची, गुंडाळीवर असेल तर पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळीत तापून तिचं कव्हर वितळतं. इनलेटच्या लगेच आत दोन पोलचा १६ अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच). इनलेटचा अर्थ जाड हिरव्या वायरीने चॅसीला. घराच्या वायरिंगमध्ये आपण काळा न्यूट्रल आणि निळा हा एक फेज म्हणून ओळखतो, पण आयात इन्व्हर्टर-चार्जरमध्ये तपकिरी फेज आणि निळा न्यूट्रल असतो. जोडताना रंगावर नाही, टर्मिनलवरच्या अक्षरावर विसंबा.

आरसीसीबीबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. तो गळती ओळखतो ती करंट दुसऱ्या वाटेने उगमाकडे परत गेल्यावर. इन्व्हर्टरवर चालताना उगम इन्व्हर्टर असतो, आणि त्याचा न्यूट्रल पत्र्याला जोडलेला नसेल तर गळतीला परतीची वाटच नाही. आरसीसीबी शोभेला उरतो. म्हणून इन्व्हर्टरवर असताना न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले हवेत आणि बाहेरच्या प्लगवर जाताच ती जोडणी सुटायला हवी. व्हॅनसाठी बनवलेले चांगले इन्व्हर्टर-चार्जर हे आतल्या रिलेने आपोआप करतात. घरगुती इन्व्हर्टर करत नाहीत. त्याचं आउटपुट आणि बाहेरची वीज एकाच वायरीवर आणू नका. मध्ये दोन पोलचा चेंजओव्हर स्विच हवा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा. आरसीसीबीचं टेस्ट बटण प्रत्येक मुक्कामी दाबा.

काम कोणाकडून करून घ्यायचं हाही प्रश्न आहे. ट्रॅव्हलर इंदूरजवळच्या पिथमपूरला बनते, तिच्या मूळ वायरिंगची माहिती असलेला ऑटो इलेक्ट्रिशियन इंदूरला शोधायला त्रास पडत नाही. पण तो २३० च्या अर्थिंगकडे लक्ष देत नाही, आणि घराचा वायरमन १२ व्होल्टला १.५ एमएम टाकून मोकळा होतो. दोघांकडून आपापलं काम करून घ्या, दोन्ही वायरी वेगवेगळ्या पाइपातून न्या, आणि एक आराखडा कागदावर काढून गाडीत चिकटवा: कुठली वायर, किती एमएम, किती अँपिअरचा फ्यूज, कुठे आहे. गाडीत असे फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि आरसी बुकात नोंद लागते. ती राहिली असेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकतो.

पैसे एकदम घालायचे नसतील तर क्रम असा ठेवा: या आठवड्यात फ्यूज, फ्रिजची वायर आणि इन्व्हर्टरचं बटण; मग डीसी-टू-डीसी चार्जर १६ एमएमच्या वायरीसह; मग पॅनल; बॅटरी सर्वांत शेवटी. वायर आणि चार्जर झाले की बॅटरी पूर्ण भरा, गाडी घराच्या अंगणात लावा, प्लग न जोडता एक रात्र तिच्यात काढा. झोपताना आणि उठल्यावर बॅटरीचे व्होल्ट लिहा. सकाळी फ्रिज बंद केल्यावर तासाभराने १२.२ किंवा जास्त दिसले, तर ट्यूब्युलर अजून दोन-तीन वर्षं काढेल. १२ च्या खाली गेले आणि हायड्रोमीटरने कप्पे सारखे दाखवले, तर २०० एएच लिथियम घ्या आणि ट्यूब्युलर घरच्या इन्व्हर्टरला लावा. दोन्ही एकत्र जोडू नका.